छाट

पाणी येतं त्या दिवशी कादंबरी नाही.
बाकीच्या दिवशी चारला उठते.
म्हणजे दर चौथा-पाचवा दिवस सोडला
तर मी एक नियमित लेखिका आहे.

कागद कारखान्यातले.
टॉवेलच्या जुन्या चलनांची पाठ कोरी असते.
लक्ष्मय्या जिथे पहिल्यांदा रडतो
त्याच्या मागच्या बाजूला
तीस बाय साठ, गुलाबी, बारा डझन, माल परत.

लक्ष्मय्या माझा नायक.
पाच आठवडे झाले, तिसऱ्या प्रकरणात
दाराच्या कडीवर हात ठेवून उभा आहे.
बाहेर सत्तर फूट रोड, मे महिना,
डांबर चपलेला चिकटतंय,
इतकं सगळं मांडून ठेवलंय त्याच्यासाठी
आणि हा जात नाही.
मी कडीचं वर्णन वाढवते.
कडीचं आता दीड पान झालंय.

शिवाय तो बोलतो तेलुगूत.
मी लिहिते शाळेने दिलेल्या मराठीत
आणि हा आमच्या घरातल्यासारखा तोंड उघडतो.
बाबा रे, वाचणाऱ्याला कळायला नको का?
मग तो गप्प बसतो.
गप्प बसला की अगदी खरा वाटतो.

कांड्या भरता भरता इरण्णा रोज विचारतो,
"मेला का त्यो?"
नाही.
"मग काय हुतंय पुढं?"
इरण्णाच्या मते कादंबरी म्हणजे
कुणीतरी मरायला केलेला उशीर.
मी हसले, आणि आडोशाला जाऊन
ते चलनावर टिपून घेतलं.
अशा चोऱ्या मी रोज करते.

वाचनालयात एक गृहस्थ म्हणाले,
"सोलापूरच्या तुम्ही, म्हणजे शब्द विणत असणार!"
काय बोलायचं?
मागावर एक तार तुटली तर माग आपणहून थांबतो.
माझी तुटली नवव्या पानावर
आणि मी बिनघोर एकसष्टपर्यंत गेले.
नवव्यावर बाळंतपणात गेलेली लक्ष्मय्याची बहीण
एकसष्टवर चटणीसाठी शेंगा भाजत होती.
वास इतका खमंग सुटला होता
की तिला परत मारायला हात धजला नाही.
नववं पान फाडलं.

रात्री अम्मा मांडीवर सूप घेऊन बसते.
हजार बिड्या झाल्याशिवाय पाय लांब करत नाही.
माझे पाचशे शब्द, तेही 'आणि' धरून.
तिचा माल चेकर चिवडतो:
ही ढिली, ही फाटकी, ही आखूड. छाट.
छाटीचे पैसे नाहीत,
पण बिडी तोच ठेवून घेतो.
पुण्याच्या प्रकाशकाने माझी पन्नास पानं ठेवून घेतलीत.
छाट म्हणाला नाही.
काहीच म्हणाला नाही.

अम्माला मराठी वाचता येत नाही.
मी वाचता वाचता तेलुगू करत जाते,
तेव्हा लक्ष्मय्या सुटतो,
कागदावर नाही ते बोलतो,
एकदा तर आईवरून शिवी दिली त्याने.
मी अम्माच्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघते.
हात चालतात, चालतात.
काल एका ओळीला थांबले.
कडी थंड होती, भर मे महिन्यात.

घाईघाईने त्या ओळीखाली रेघ मारली.
वर्षभरात हे पहिलं बक्षीस.

नंतर कळलं, दोरा संपला होता.

रेघ मी खोडली नाही.
अम्माने नवं रीळ सोडलं,
दाताने टोक तोडलं आणि विचारलं,
"त्याचं दार आतून लावलंय का बाहेरून?"

मी दीड पान चाळलं, पुन्हा चाळलं.
कडीचा गंज होता, आवाज होता,
तिच्यावर पडलेली उन्हाची तिरीप होती.
हे कुठेच नव्हतं.

उद्या पाणी येणार आहे.
परवा बघू.